काचेचं पोट

२ फेब्रुवारी

टाचणीस,

तुझा निरोप आईकडून मिळाला. लहानपणी ठेवलेलं ‘टाचणी’ हे नाव तू अजून सार्थ करतेस. दारावरची पाटी उतरवल्याशिवाय तू माझ्याशी बोलणार नाहीस, असं तू तिला फोनवर सांगितलंस, आणि तिने ते मला कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. तिचा आवाज एवढा साधा होता की मला वाटलं धोब्याचा निरोप सांगते आहे. तर माझं उत्तर ऐक. पाटी उतरणार नाही. तुला बोलायचं नसेल तर नको बोलू, वाच. फोन तू उचलत नाहीस म्हणून मला शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच एवढं लांब लिहावं लागतंय, आणि माझं अक्षर वाचताना तुझा जो काही छळ होईल तो तुझा तूच ओढवून घेतलेला आहे.

पाटीत चूक काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. आजोबांच्या नावाच्या पाटीखाली पेंटरने निळ्या अक्षरांत लिहिलंय: ‘पोटातलं आम्ल जंतूंपैकी बहुतेकांना मारतं. आमच्या मुलीचं संशोधन, आमच्याच चीजवर.’ यातला कुठला शब्द खोटा आहे? जंतू तुझे, चीज माझं, वाक्य तुझ्या अहवालातलं. मी फक्त पेंटरला बोलावलं.

तू म्हणतेस मी तुझं अर्धं वाक्य लावलं, पुढे ‘पण’ होतं. अगं, दुकानाच्या दारावर ‘पण’ कोण लावतं? ‘ताजं चीज मिळेल, पण’ असं कुठे वाचलंयस का? उरलेलं अर्धं तुझ्या अहवालात सुखरूप आहे. ज्याला हवं त्याने तिथे जाऊन वाचावं.

तुझ्या साहेबांनी त्या पाटीचा फोटो पाहिला आणि प्रयोगशाळा ही वडिलांच्या दुकानाची जाहिरात करायला नाही असं तुला सगळ्यांसमोर ऐकवलं, हेही आईनेच सांगितलं. तुला मान खाली घालावी लागली याचं मला खरंच वाईट वाटलं. पण त्या गृहस्थाला मुलगी आहे का, विचार. असली तर त्याला कळेल. मुलीचं कौतुक बापाने दारावर नाही लावायचं तर काय गोठ्यात लावायचं?

तीन पिढ्या आपण निरशा दुधाचं चीज करतो आहोत. दुधाला कधी आच दाखवली नाही. लोक नाकं मुरडतात, जंतू जंतू करतात, आणि मी ऐकून घेत आलो. आता माझ्याच पोटच्या पोरीने काचेत पोट तयार करून दाखवून दिलं की आत गेलेल्यांचं काय होतं, आणि मी गप्प बसू? ते काही माझ्याच्याने व्हायचं नाही.

तुझा बाप,
ताठ मानेचा

१९ फेब्रुवारी

टाचणीस,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षा नव्हतीच, पण पोस्टमन गल्लीत वळला की मी उगाच बाहेर येऊन पायरी झाडतो. आपला म्हातारा पोस्टमन नव्हे, तो केव्हाच निवृत्त झाला. हा नवा. म्हातारा तर रोज आपल्याच बाकावर असतो. त्याला मऊ ताजं चीज आणि पावाचा तुकडा दिला की त्याचा दिवस मार्गी लागतो. या वयात भूक चांगली आहे. आम्ही दोघं सकाळी एकच गोष्ट बरोबर घेतो आणि मग आपापल्या कामाला लागतो. ती काय ते विचारू नकोस, दोन म्हाताऱ्यांची गंमत आहे.

तू चिडली आहेस म्हणून मी काय पाहिलं ते विसरत नाही. तुमच्या प्रयोगशाळेचं दार लोकांना खुलं होतं, त्या दिवशी मी नवा शर्ट घालून आलो होतो. मला वाटलं होतं पोट म्हणजे काही तरी भयंकर, नळ्या आणि लाल दिवे. बघतो तर टेबलावर तीन काचेची भांडी, बाहेरून कोमट पाणी फिरतंय, आत पांढरट काला हळूहळू ढवळला जातोय. तू बाजूला उभी राहून लोकांना सांगत होतीस. पहिलं भांडं तोंड, तिथे लाळ आणि चीज एकत्र. दुसरं जठर, तिथे थेंबथेंब आम्ल. तिसरं आतडं, तिथे पित्त आणि पाचक रस. एका बाईने विचारलं, याला भूक लागते का? तू हसली नाहीस. म्हणालीस, भूक आम्हाला लागते, याला वेळेवर भरवावं लागतं. मी मागे उभा होतो. माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाला मी सांगितलं की ती माझी मुलगी. त्याने काही विचारलेलं नसताना.

आणि ते औषधांना दाद न देणारे जंतू. तू मुद्दाम ते माझ्या चीजमध्ये कालवून त्या पोटाला भरवत होतीस, कोण मरतं, कोण तगतं ते बघायला. जनावरांना, माणसांना औषधं देऊन देऊन त्यातले काही जंतू त्या औषधांना सरावले, आणि अन्नातून ते आपल्या पोटात येतात, एवढं मला समजलं. एक गोष्ट मात्र मी घरी येऊन आईला तीनदा सांगितली. मेलेला जंतूसुद्धा जाता जाता आपली चिवट विद्या आतड्यातल्या एखाद्या साध्यासुध्या, निरुपद्रवी जंतूला देऊन जाऊ शकतो, असं तू म्हणालीस. काय पण गुरू, मी म्हटलं. स्वतः खलास, शिष्य तयार.

आपल्या दुधात तसलं काही नाही, हे सांगायला नको. आपल्या बाईसाहेब गाईला पुन्हा दगडी झाली होती, कास सुजून कडक. हो, त्याच, कळपात सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या. गुरांच्या डॉक्टरने इंजेक्शनं दिली. औषध चालू होतं तोवर आणि त्याने सांगितलेली मुदत संपेपर्यंत त्यांच्या दुधाचा थेंब मी वापरला नाही, सगळं ओतून दिलं. गेल्या हिवाळ्यातही तसंच, त्याच्या आधीही तसंच. या बाबतीत माझ्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही.

आणि प्रत्येक बरणीतलं दूध मी स्वतः चाखतो. तुझे आजोबा चाखायचे, त्यांचे वडील चाखायचे. दूध मोठ्या भांड्यात एकत्र करण्याआधी प्रत्येक गाईचं वेगळं, जिभेवर घेऊन, आणि गिळून. थुंकायचं नाही. चाखून थुंकणाऱ्याला आमच्या धंद्यात पाहुणा समजतात. ओला चारा जास्त झाला, गाय घाबरली होती, बरणी नीट घासलेली नाही, सगळं जिभेला कळतं. तुझं यंत्र तुझ्या जागी मोठं, पण माझी जीभ माझ्या जागी.

तुझा बाप,
अजून ताठच

११ मार्च

टाचणीस,

चार ओळीच लिहितो, दुकानात गर्दी आहे. तब्येत ठणठणीत. अक्षर नेहमीपेक्षा वाईट दिसेल, उजव्या हाताला जरा अडचण आहे, डाव्याने लिहितो आहे. काही विशेष नाही, हात फार हलवायचा नाही असं सांगितलंय.

इथे दिवे लवकर घालवतात आणि शेजारचे गृहस्थ सारखे खोकतात. म्हणजे शेजारच्या दुकानातले.

एक सहज विचारायचं होतं. तुझ्या त्या काचेच्या जठरात आम्ल कमी घातलं तर काय होतं? आपला म्हातारा पोस्टमन विचारत होता. आणि वाक्यातला ‘पण’च्या पुढचा भाग एकदा पूर्ण लिहून पाठव. माझ्याकडची अहवालाची प्रत दुकानात आहे आणि मी सध्या. म्हणजे सापडत नाही.

पाटी आहे तिथेच आहे.

तुझा बाप,
ठणठणीत

२४ मार्च

टाचणीस,

तुझी आई फितूर निघाली. मी तिला बजावलं होतं की मी दवाखान्यात आहे हे तुला कळता कामा नये. तिने मान डोलवली आणि त्याच संध्याकाळी तुला फोन केला. म्हणजे माझं मागचं पत्र तू सगळं ठाऊक असताना वाचलंस. शेजारच्या दुकानातल्या खोकल्यासकट. हसली असशील तर हस, मलाही आता हसू येतंय. तेव्हा येत नव्हतं.

मला संशय आधीच यायला हवा होता. इथली डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढी, पण प्रश्न कसे विचारते. काय खाल्लं यावर तिचं समाधान होईना. सकाळी सगळ्यात आधी काय पोटात जातं? गिळता की थुंकता? त्याआधी काही गोळी घेता? मी म्हटलं, बाई, चाखून थुंकायचं की गिळायचं हे दूधवाल्याशिवाय कुणाला सुचत नाही, तुम्हाला कुणी शिकवलं? ती म्हणाली, तुमच्या मुलीने. रोज संध्याकाळी फोन करते. माझ्याशी अबोला आणि माझ्या डॉक्टरीणबाईंशी रोज गप्पा, हे तुलाच जमतं.

तर आता सगळं सांगतो, कारण तुला अर्धं ठाऊक आहे आणि अर्ध्याने काय होतं ते मी भोगलंय. ताप, पोटात मुरडा, आणि शौचाला रक्त. पहिलं औषध दिलं, ताप जागचा हलला नाही. दुसरं दिलं, तेही वाया गेलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहून आई बाहेर जाऊन बसली. तिला रडताना मी कधी पाहिलेलं नाही, तेव्हाही पाहिलं नाही, पण ती आत आली तेव्हा तिचा पदर ओला होता. मग जंतू वाढवून पाहिला, कशाने मरतो ते शोधलं, आणि तिसऱ्या औषधाला तो नमला. दोन औषधं पचवून उभा होता. मरता मरता वाचलो याची जशी भीती वाटली तशी थोडी मिजासही वाटली, खोटं कशाला सांगू. माझ्या पोटातला जंतू काही असा तसा नव्हता.

आणि आता ती दोन म्हाताऱ्यांची गंमत. गेलं वर्षभर माझ्या छातीत जळजळ होत होती. दूधवाल्याला जळजळ, हे कुणाला सांगायचं? सगळ्या गावाला मी सांगतो की दूध प्या, पोट थंड राहतं. म्हणून दुकानातल्या तराजूच्या वजनांच्या मागे डबी लपवून ठेवली होती. पोस्टमनला त्याच्या डॉक्टरने आम्ल कमी करणाऱ्या कॅप्सूल दिल्या होत्या, त्याच मीही आणवल्या. रोज सकाळी अनशापोटी एक. कशाबरोबर? पहिल्या बरणीतल्या निरशा दुधाच्या घोटाबरोबर. म्हणजे मी आधी पहारेकऱ्याला झोपवत होतो आणि लगेच दार उघडत होतो. तुझ्या भाषेत कसं म्हणतात ते तू म्हण.

तुझं पूर्ण वाक्य आईने फोनवर उतरून घेतलं आणि माझ्या उशाशी ठेवलं. ‘पोटातलं आम्ल जंतूंपैकी बहुतेकांना मारतं, पण ते चीजसारख्या स्निग्ध पदार्थात दडून आले, किंवा खाणाऱ्याच्या पोटात आम्लच कमी असलं, तर त्यांतले पुष्कळ जिवंत आतड्यापर्यंत पोचतात.’ मी ते पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा वाचलं. पूर्वार्ध मी दारावर लावला होता आणि उत्तरार्ध मला लागला होता. नवल म्हणजे मला तुझा राग आला नाही. माझी पोर किती नेमकं लिहिते, एवढंच मनात आलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

तुझा बाप,
जिवंत

२ एप्रिल

टाचणीस,

घरी आलो. वजन इतकं उतरलंय की आई मला जुन्या शर्टात बघून दुसऱ्याच कुणाची विचारपूस करते आहे असं वाटतं.

आज तुला एक मोठी गोष्ट सांगायची आहे. दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमच्या दुधाचे नमुने द्याल का? जबरदस्ती नाही. पण दुधात तोच जंतू सापडला तर आरोग्य खात्याला कळवावं लागेल, आणि ते लपून राहणार नाही. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

घरी येऊन गोठ्यात बसलो. नमुना दिला नाही तर कुणाला काही कळणार नव्हतं. लोक म्हणाले असते, वय झालं, काही तरी बाहेरचं खाल्लं असेल. बाईसाहेबांना विकून टाकलं असतं, भांडी घासली असती, चार दिवसांनी दुकान उघडलं असतं. आजोबांच्या नावावर डाग पडला नसता. खरं सांगतो, माझा कल तिकडेच होता. तुला माहीत आहे, मी स्वतःवर आलं तर ऐकतो, पण त्या नावाच्या पाटीवर आलं की माझं डोकं फिरतं.

तेवढ्यात पोस्टमन आला. मी दवाखान्यात होतो तेव्हा रोज बंद दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसत होता म्हणे. मला पाहून त्याने खिशातून डबी काढली आणि नेहमीसारखी कॅप्सूल पुढे केली. मग विचारलं, मऊ चीज कधी मिळणार? ऐंशीच्या घरातला माणूस, रोज तीच कॅप्सूल, वर माझंच ताजं चीज. तो माझ्या आधी आडवा झाला नाही, हा त्याच्या नशिबाचा भाग, माझ्या जिभेचा नाही. दगडी झालेल्या गाईचं दूध मी ओतून दिलं, पण औषधाला सरावलेले जंतू काही ओतून गेले नव्हते, ते कासेतच राहिले होते, आणि जिभेला त्यांची चव कळत नाही. ओला चारा कळतो, घाबरलेली गाय कळते, हे कळत नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे इतके दिवस मी जे खाल्लं ते?”

“ते निभावलं. यापुढे तापवलेल्या दुधाचं करीन, तेच खायचं.”

“त्याला तशी चव येईल का?”

“नाही येणार.”

“मग मी नुसता बसायला येत जाईन,” तो म्हणाला. आणि डबी परत खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक गाईच्या दुधाची वेगळी बाटली भरून डॉक्टरीणबाईंना स्वतः नेऊन दिली. आज उत्तर आलं. बाईसाहेबांच्या दुधात तोच जंतू आहे. माझ्यातला आणि त्यांच्यातला अगदी एक. खात्याची माणसं उद्या येणार आहेत. मी आईला सांगितलं, चहा टाक, आणि माझा नवा शर्ट इस्त्री कर. चोरासारखं तोंड घेऊन मी त्यांच्यासमोर उभा राहणार नाही.

आता तुझ्यासाठी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुला हा जंतू फार उपयोगी पडेल. तुझं पोट आजवर धडधाकट तरुणाचं होतं, आम्ल भरपूर, आणि जंतू तू बाहेरून आणून घातलेले. इथे खरा माणूस आहे, खरी कॅप्सूल, खरं दूध, आणि सगळ्यांचा एकमेकांशी लागलेला धागा. तर घे. मी लेखी परवानगी दिली आहे. एकच अट. ‘एक ज्येष्ठ रुग्ण’ असलं काही लिहू नकोस. माझं नाव घाल, दुकानाचं नाव घाल. पोरीच्या कामाला काही द्यायचं तर चेहरा झाकून द्यायची आपली रीत नाही.

तुझा बाप

१६ एप्रिल

टाचणीस,

खात्याची माणसं येऊन गेली. चहा प्यायली, गोठा पाहिला, सभ्यपणे बोलली. दूध तापवल्याशिवाय काही करायचं नाही असं लिहून दिलं, मी सही केली. बाईसाहेबांवर उपचार चालू आहेत, त्या वेगळ्या गोठ्यात आहेत आणि एकट्या ठेवल्याबद्दल सगळ्यांना शिंगं दाखवत आहेत.

गिऱ्हाइकांना मी कुणाकडून काही कळायच्या आत स्वतः सांगितलं. काही जणांनी ऐकून घेतलं आणि परत आलेच नाहीत. एक बाई, जिची दोन्ही मुलं दात आल्यापासून आपलं चीज खात वाढली, मला तोंडावर म्हणाली की तुमची मोठी टिमकी होती ना, आता? मी म्हटलं, टिमकी अजून आहे, आता दुसऱ्या गोष्टीची आहे. ती न घेताच गेली. तिच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो.

आणि पाटी. तुझी ती पाटी उतरवली. पण नुसती उतरवून गप्प बसणं मला जमणार नव्हतं, तुला माहीतच आहे. पेंटरला बोलावलं, आईच्या अक्षरातला कागद त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, हे पूर्ण लिही. त्याने फळीवर बोटांनी मापं घेतली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “साहेब, वाक्य लांब आहे. निम्म्यातच पाटी संपते.”

“मग मोठी पाटी कर.”

“मोठी लावायला जागा कुठे आहे? वर तुमच्या वडिलांचं नाव आहे.”

मी वर बघितलं. ती पाटी मी लहान असल्यापासून तिथे आहे. दर वर्षी तिच्यावर रंगाचा हात मी फिरवत आलो. तुला आठवत असेल, तू खांद्यावर बसून त्यातलं पहिलं अक्षर गिरवायचीस. मी पेंटरला म्हटलं, ती खाली घे.

त्याने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा आईने सांगितलं, घे म्हणतायत तर घे. आजोबांची पाटी आता आत आहे, मोठ्या भांड्याच्या वर, जिथे आमच्या डोळ्यांसमोर राहील. आणि दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तुझं वाक्य आहे. ‘पण’ मी मुद्दाम लाल रंगात लिहायला लावलं. त्याच्याखाली बारीक अक्षरात: ‘म्हणून आम्ही दूध तापवून घेतो. आम्लाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारावं, मालक स्वतः सांगतील.’ रोज दोघं-चौघं विचारतात. त्यातले निम्मे डबी खिशात लपवणारेच असतात. मी त्यांना बाकावर बसवतो आणि सगळी कथा पहिल्यापासून सांगतो. तोंड, जठर, आतडं, तुझी तिन्ही भांडी. पोस्टमन मधे मधे दुरुस्त्या करतो, जणू तोच तिथे जाऊन आला होता.

दुकानाला नाव नाही आता. रस्त्यातून जाणारा माणूस आधी तुझं वाक्य वाचतो आणि मग आत बघतो की इथे विकतात तरी काय.

बाबा

५ मे

टाचणीस,

पत्र आलं. नव्या पोस्टमनने माझ्या हातात दिलं तेव्हा मी पायरी झाडतच होतो. पाकिटावरचं अक्षर बघून आत गेलो, हात पुसले आणि बाकावर बसलो. म्हातारा म्हणाला, मोठ्याने वाच. मी म्हटलं, आधी मी वाचतो. तुझी आई दारात उभी राहिली. तिला आत काय आहे ते ठाऊक होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. तिला आमच्या घरात सगळं आधी कळतं.

तुझं म्हणणं कळलं. नियमाने रुग्णाचं नाव छापता येत नाही, तुझ्या साहेबांनीही तेच सांगितलं, आणि मी कितीही आदळआपट केली तरी अहवालात मी आकड्यानेच राहणार. ठीक आहे. मला पटलेलं नाही, पण ठीक आहे.

पुढचं मात्र मी तीनदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग पोस्टमनने आपला चष्मा लावून स्वतः वाचलं. तू दुसरं जठर मांडलंस. त्यात आम्ल तेवढंच ठेवलंस, जेवढं कॅप्सूल घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या पोटात उरतं. त्यात बाईसाहेबांचा जंतू, माझ्या हातच्या चीजमध्ये. आणि दोन तासांनी बघितलंस तर पहिल्या पोटात मोजके उरले होते आणि या पोटात जवळजवळ सगळे जसेच्या तसे पुढच्या भांड्यात निघाले होते. आतड्याच्या भांड्यातल्या साध्या जंतूंपैकी काहींनी ती विद्या उचललीसुद्धा. तुझे साहेब शेजारी उभे राहून बघत होते. मग म्हणाले, यापुढे आपण प्रत्येक अन्न दोन्ही पोटांना भरवायचं. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पोस्टमनला मी सांगितलं की चष्म्याचा नंबर बदललाय.

दुसऱ्या जठरावर ओळखीसाठी काही तरी लिहायला हवं होतं, म्हणून तू पांढरी पट्टी चिकटवलीस आणि तिच्यावर ‘बाबा’ लिहिलंस. साहेबांनी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, “हे माझे बाबा. यांच्या पोटात मी कधी बघितलंच नव्हतं.”

इथवर वाचून मी उठलो आणि उगाच वजनं पुसत बसलो.

मी घराण्याने दिलेली जीभ तुला देणार होतो, हे तुला माहीत आहे. तू घेतली नाहीस, आणि ते मला फार दिवस लागलं होतं. आता वाटतं, बरं झालं. आपल्या घरात उलटं झालं. गुरू जिवंत राहिला आणि विद्या त्याने शिष्याकडून घेतली. मी अजून रोज सकाळी प्रत्येक बरणीतलं दूध चाखतो, पण तापवल्यावर. चव अर्धी गेलेली असते. तरी गिळतो, थुंकत नाही. कॅप्सूल आता डॉक्टरीणबाईंना विचारून घेतो, आणि डबी वजनांच्या पुढे ठेवतो.

दारावर तुझं वाक्य आहेच. कालपासून त्याखाली पेंटरकडून अजून एक ओळ वाढवून घेतली: ‘यातलं दुसरं पोट आमचं.’ लोक थांबतात, वाचतात, त्यांना काही कळत नाही. मग आत येऊन विचारतात, आणि मी सांगतो. आई म्हणते माझी मिजास आजारपणाने सुद्धा गेली नाही. ती म्हणते त्यात तथ्य आहे.

तुझी खोली झाडून ठेवली आहे, पण तू कामात आहेस हे मला ठाऊक आहे, म्हणून तुला ये म्हणत नाही. मीच येईन म्हणतो. शर्ट इस्त्री केलेला आहे. पोट तर माझं तुझ्याकडे आधीच पोचलंय. उरलेला मी कधी येऊ, ते कळव.

बाबा